जुनी मोटार : घरगुती विद्युत्-दुरुस्ती

जुन्या मोटारीच्या वायरिंगमधील किरकोळ बिघाड मालकाने घरीच शोधून दूर करणे. महाराष्ट्रात याचा नमुना म्हणून प्रीमियर पद्मिनी घ्यावी. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातून ती १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने निघू लागली; ‘पद्मिनी’ हे नाव पुढे, सत्तरच्या दशकात मिळाले. तिच्या वायरिंगमध्ये गूढ काही नाही. टेस्ट लॅम्प, पॉलिश पेपर आणि दोन-चार पाने असली की बरेचसे काम भागते.

बहुतेक तक्रारींचे मूळ अर्थिंगमध्ये असते. बारा व्होल्टचा प्रवाह दिव्यापर्यंत वायरने जातो, पण परततो तो गाडीच्या पत्र्यातून. स्क्रूखाली गंज चढला किंवा डेंटिंग-पेंटिंगवाल्याने त्या जागी रंग मारला की ही वाट अडते. ४५ वॅटच्या हेडलाइटच्या मार्गात अर्ध्या ओहमचा रोध आला, तरी दीड व्होल्टच्या आसपास तिथेच खर्ची पडतो आणि दिवा मिणमिणतो. इंडिकेटर दिल्यावर मागचा लाल दिवाही लुकलुकू लागला, तर अर्थ खराब आहे असे खुशाल समजावे. प्रवाह शेजारच्या बल्बमधून वाट काढत असतो. अशा वेळी नवा फ्लॅशर आणणे म्हणजे पैसे पाण्यात. आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, मग स्क्रू काढून पत्रा चकाकेपर्यंत घासावा, स्क्रू कसून बसवावा आणि वर व्हॅसलीन लावावे. (काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक बॉडीला असते, तिथे तेच आधी सोडवायचे.)

फ्यूज चिनी मातीचे, उघड्या पट्टीचे. पट्टी शाबूत असूनही दिवे गेले, तर फ्यूज खाचेत दोनदा फिरवून पाहावा. टोकांवरचा मळ निघतो. वितळलेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याचा सर्रास चालणारा उपाय मात्र वायरिंग पेटवणारा आहे.

डायनॅमोच्या गाडीत, इंजिन मंद चालत असताना डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणला तर तो बिघाड नव्हे. रेस वाढवली की तो विझायला हवा. विझला नाही, तर आधी पट्टा ढिला आहे का ते बघावे, डायनॅमो आणि बॅटरी यांना जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कटआउटला नंतर हात लावावा.

अक्कलकोटच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि बॅटरीतले पाणी झपाट्याने उडते. डिस्टिल्ड वॉटरच घालावे, बोअरचे नको. केवळ गुरुवारी तिथल्या स्वामी समर्थांच्या वटवृक्ष मंदिरापर्यंत जाणाऱ्या गाडीची बॅटरी पुरती भरत नाही. तिला अधूनमधून मैंदर्गीच्या किंवा सोलापूरच्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास पळवावे. पडून राहिलेल्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा सेल्फ मारण्याआधी बॉनेट उघडून एकदा नजर टाकलेली बरी.

वायर जळाल्याचा वास आला किंवा डायनॅमोचे आर्मेचर गेले, तर ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्यावे.