'व्यक्ती' म्हणजे नक्की कोण?

प्रोग्रॅममध्ये एखादी गोष्ट नीट डिफाइन केली नाही की पुढे घोळ होतो. कायद्यातही तसंच. १८७९च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्टमध्ये वकील कोणी व्हायचं, हे सांगताना 'व्यक्ती' असा शब्द होता. १९१६ साली रेजिना गुहा या कायद्याच्या पदवीधर बाईंनी नोंदणीसाठी अर्ज केला, तेव्हा कलकत्ता हायकोर्टाने निकाल दिला की या 'व्यक्ती'त बाई येत नाही! घ्या!!

याचा सगळ्यात जास्त फटका बसला तो आपल्या नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींना. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. मार्क उत्तम, पण विलायतेची सरकारी स्कॉलरशिप नाकारली, कारण मुलगी. मग तिकडच्या काही मंडळींनी वर्गणी काढली. १८९२ला ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली, पण प्रत्यक्ष पदवी हातात पडली १९२२ साली. तब्बल ३० वर्षांनी! मधल्या काळात मुंबईची एलएलबी झाली, अलाहाबाद हायकोर्टाची परीक्षाही झाली. तरी सनद मिळेना.

मग बाईंनी वेगळीच वाट काढली. जमीनदार घराण्यातल्या पडदानशीन बायकांच्या नावावर इस्टेटी असत, पण परपुरुषाशी, म्हणजे वकिलाशीसुद्धा, त्या बोलू शकत नसत. साहजिकच कागदावर काय लिहिलंय ते नातेवाईक सांगतील तेच खरं. १९०४पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये नोकरी करताना सोराबजींनी अशा सहाशेच्या वर बायका-मुलांना मदत केली, कित्येकदा फुकट.

शेवटी १९२१ला अलाहाबाद हायकोर्टाने त्यांची नोंदणी केली. पण त्याच वर्षी पाटण्याने सुधांशुबाला हाजरांना नकार दिला. एकच कायदा, दोन अर्थ! १९२३ला खास कायदा करून हा घोळ मिटवावा लागला. तोवर सोराबजी ५७ वर्षांच्या होत आल्या होत्या.

राजकारणात त्या इंग्रजांच्या बाजूच्या, गांधीजींच्या टीकाकार. म्हणूनच की काय, आपल्याकडे त्यांचं नाव फारसं निघत नाही. असो.

१९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळण्यासाठी बाईला उत्पन्नाची अट नाही. बाई असणं पुरेसं आहे. ज्या एका गोष्टीमुळे सोराबजींना कोर्टाबाहेर ठेवलं, तीच आज आत जायला पुरते. तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशींना हे माहीत आहे का? नसेल तर उद्या नक्की सांगा.