शियालदहची लोरेटो शाळा

कलकत्त्याच्या सर्क्युलर रोडशी मराठी माणसाचे एक जुने, पण फारसे अभिमानाचे नसलेले नाते आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या, तेव्हा त्यांच्या भीतीने शहरातील रहिवाशांनी आपल्या खर्चाने गावाभोवती खंदक खणावयास घेतला. बेत सात मैलांचा होता. तीनेक मैल खणून झाले, मराठे काही शहरावर चालून आले नाहीत, आणि काम तसेच राहिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस या 'मराठा डिच'च्या रेषेने सर्क्युलर रोड तयार झाला. त्याच्या दक्षिण भागाला पुढे आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले. या रस्त्यावर, शियालदह स्थानकापासून जवळच, मुलींची एक कॅथलिक शाळा आहे. तिचे नाव लोरेटो डे स्कूल. तिची स्थापना १८५७ सालची.

कॅथलिक शाळेविषयी आपल्याकडे दोन समजुती प्रचलित आहेत. एक अशी की, तिला परदेशातून अमाप पैसा येतो. आणि दुसरी अशी की, ती केवळ श्रीमंतांच्या मुलांसाठी असते. या दोन्ही समजुती एकाच वेळी खऱ्या असणे कठीण आहे. परदेशातून अमाप पैसा येत असता, तर भरमसाट फी कशाला लागली असती? कलकत्त्यातील या शाळांचा इतिहास पाहिला, म्हणजे असे दिसते की, त्या मुख्यतः दोन गोष्टींवर उभ्या राहिल्या : व्रतस्थ स्त्रीपुरुषांचे जवळजवळ विनावेतन श्रम, आणि शहरातील कुटुंबांनी दिलेला पैसा. सरकारचा हात त्यांना पुढे मिळाला.

कलकत्त्याच्या कॅथलिक समाजात आधी पोर्तुगीज वंशाची घराणी पुढे होती. त्यांपैकी बारेटो हे नाव मुंबई-वसईकडील मंडळींना अपरिचित नाही. मुर्गीहट्टा येथील रोझरी मातेचे भव्य मंदिर १७९९ साली पुरे झाले. त्याच्या बांधकामाचा मोठा भार व्यापारी असलेल्या बारेटो बंधूंनी उचलला होता. धर्मतल्ला भागातील सेक्रेड हार्टचे मंदिर १८३४ सालचे. तेही पास्कोआ बारेटो डिसूझा या बाईंच्या दानातून उभे राहिले. प्रार्थनामंदिर बांधणारा हा समाज शाळेच्या बाबतीत मात्र अडला होता. इमारत पैशाने बांधता येते. शिक्षक तसा मिळत नाही. मुलींना शिकविणाऱ्या स्त्रिया तर त्या काळी दुर्मिळच होत्या.

म्हणून कलकत्त्याच्या धर्माधिकाऱ्यांनी आयर्लंडकडे दृष्टी वळविली. डब्लिनजवळील रथफार्नहॅम येथे लोरेटो भगिनींचा मठ होता, आणि त्याच्या प्रमुख मदर तेरेसा बॉल या होत्या. बंगालइतक्या दूर, रोगट समजल्या जाणाऱ्या प्रदेशात तरुण भगिनींना धाडण्यास त्या प्रथम तयार नव्हत्या. अखेर त्यांचे मन वळले. ऑगस्ट १८४१ मध्ये बारा जणींची तुकडी 'स्कोशिया' जहाजाने निघाली आणि ३० डिसेंबर रोजी कलकत्त्यास उतरली. तिच्या प्रमुख मदर डेल्फीन हार्ट होत्या. मिडलटन रोवरील ज्या वाड्यात त्या उतरल्या, तो एके काळी बंगालचा गव्हर्नर हेन्री व्हान्सिटार्ट याचा होता. जहाजाचा शीण पुरता उतरण्यापूर्वीच, १० जानेवारी १८४२ रोजी, त्यांनी तेथे शाळा सुरू केली. तीच लोरेटो हाउस होय.

या भगिनींनी आपल्याबरोबर शाळा चालविण्याची एक जुनी युरोपीय रीत आणली. सधन घरांतील मुलींसाठी फी घेणारी शाळा चालवावयाची, आणि तिच्या आधाराने गरीब व अनाथ मुलींचा सांभाळ करावयाचा, ही ती रीत. १८४५ साली एंटाली येथे अनाथ मुलींसाठी त्यांचे घर सुरू झाले. पलटणीतील शिपायांच्या पोरक्या मुलींचा प्रश्न त्या काळी मोठा होता. या व्यवस्थेत करुणा होती. पण भिंतही होती. फी भरणारी मुलगी आणि धर्मादाय मुलगी एकाच संस्थेच्या छायेत वाढत, परंतु बहुधा एका बाकावर बसत नसत.

शियालदहची शाळा निघाली, तेव्हा सरकारी धोरणही बदलत होते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले. त्यात एक अट अशी होती की, सर्वसाधारणपणे ज्या शाळा विद्यार्थ्यांकडून काही ना काही फी घेतात, मग ती कितीही थोडी असो, त्यांनाच अनुदान मिळावे. फुकट मिळालेल्या विद्येची किंमत राहत नाही, असा यामागील विचार. हा विचार अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. पण ज्याच्या घरी दोन वेळचे अन्नच नाही, त्याने थोडी तरी फी कोठून आणावी, या प्रश्नाला त्या खलित्यात उत्तर नव्हते.

तो प्रश्न कलकत्त्याच्या रस्त्यावर पुढे उग्र रूपात उभा राहिला. १९४३ चा दुष्काळ, १९४६ च्या दंगली आणि १९४७ ची फाळणी या आपत्ती एकामागून एक कोसळल्या. पूर्व बंगालमधून येणाऱ्या निर्वासितांचे लोंढे शियालदह स्थानकावरच उतरत. कित्येक कुटुंबांनी फलाटावर दिवसच नव्हे, तर महिने काढले. याच सुमारास एंटालीच्या लोरेटो आवारातील सेंट मेरीज शाळेच्या एक मुख्याध्यापिका, पुढे जगाला मदर तेरेसा म्हणून माहीत झालेल्या भगिनी, मठाबाहेर पडल्या. मठाच्या भिंतीपलीकडेच मोतीझील ही झोपडवस्ती होती. डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी तेथे उघड्यावर शाळा मांडली. फळा नव्हता, बाक नव्हते. काठीने जमिनीवर अक्षरे काढून मुलांना शिकविले. मग कोणी खुर्ची आणून दिली, कोणी फळा दिला. पुढच्या वर्षी क्रीक लेनमधील गोम्स कुटुंबाने आपल्या घराचा वरचा मजला त्यांना राहण्यास दिला. त्यांना पहिल्यांदा येऊन मिळालेली सहकारीण ही त्यांचीच एक विद्यार्थिनी होती.

मदर तेरेसांनी शाळा सोडून वस्तीत जाण्याचा मार्ग धरला. त्याच लोरेटो संघातील दुसऱ्या एका भगिनीने तीस वर्षांनी उलट मार्ग धरला : वस्तीलाच शाळेत आणले. सिस्टर सिरिल मूनी या मूळच्या आयर्लंडच्या. त्या १९५६ साली भारतात आल्या आणि १९७९ साली शियालदहच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. त्या वेळी शाळेत ७९० मुली होत्या, आणि त्यांपैकी फी न भरणाऱ्या गरीब मुली अवघ्या ९०. पुढील वीस वर्षांत ही संख्या सुमारे १४०० वर गेली, आणि त्यांतील निम्म्या, म्हणजे सातशेच्या आसपास, मुली फी भरत नव्हत्या. महत्त्वाची गोष्ट अशी की, या सातशे मुलींसाठी वेगळी तुकडी नव्हती, वेगळी वेळ नव्हती, वेगळा दरवाजाही नव्हता. एंटालीच्या जुन्या व्यवस्थेत जी भिंत राहून गेली होती, ती येथे पाडण्यात आली.

हे अर्थकारण चालले कसे? फी भरणाऱ्या घरांची फी हा एक आधार. कित्येक मुलींचा खर्च उचलणारे देणगीदार हा दुसरा. तिसरा आधार सरकारचा : पश्चिम बंगालमधील अनेक मिशनरी शाळांत शिक्षकांचे मूळ वेतन शाळेने द्यावयाचे आणि महागाईभत्ता सरकारने, अशी व्यवस्था आहे. शाळेत काम करणाऱ्या भगिनींचे वेतन त्यांच्या स्वतःच्या हाती राहत नाही. दारिद्र्याचे व्रत घेतल्यामुळे ते संघाच्या सामायिक निधीत जमा होते, आणि त्यातूनच त्यांचा निर्वाह व संघाची इतर कामे चालतात. जमाखर्चाच्या वहीत या त्यागाचा आकडा वेगळा दिसत नाही. पण तो काढून टाकला, तर वही जुळणार नाही.

तथापि, या शाळेने पालकांकडे फीपेक्षा मोठी गोष्ट मागितली. १९८५ च्या सुमारास तेथे 'रेनबो' म्हणजे इंद्रधनुष्य योजना सुरू झाली. फूटपाथवर राहणाऱ्या मुलांना ठरलेल्या वेळी शाळेत येणे शक्य नसते; कोणी कागद-काच वेचतो, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळतो. त्यांनी सवड मिळेल तेव्हा यावे, आणि आले की त्यांना शिकवावयास कोणी तरी हजर असावे, ही कल्पना. शिकविणार कोण? पाचव्या इयत्तेपासून पुढच्या, शाळेच्या नेहमीच्या विद्यार्थिनी. अभ्यासक्रमात कार्यानुभवाचे तास सक्तीचे होतेच. शिवणटिपण वा कागदी फुले करण्याऐवजी मुलींनी त्या तासांना एकेका मुलाला समोर बसवून अक्षरे आणि हिशेब शिकवावे, असे ठरले. मूल पुरेसे तयार झाले, की त्याला त्याच्या वयाच्या वर्गात, जवळच्या नेहमीच्या शाळेत घालावयाचे. ज्या मुलींना रात्री रस्त्यावर धोका होता, त्यांच्या मुक्कामाची सोयही शाळेच्या इमारतीतच करण्यात आली. दर गुरुवारी मुलींच्या तुकड्या बसने शहराबाहेरील खेड्यांत जात आणि तेथील प्राथमिक शाळांतील मुलांना शिकवीत. परक्या घरी घरकामास जुंपलेल्या लहान मुलामुलींचा शोध घेण्याचे कामही विद्यार्थिनींनी केले.

आता फी भरणाऱ्या एखाद्या कारकुनाच्या किंवा दुकानदाराच्या बाजूने विचार करून पाहावा. पोटाला चिमटा घेऊन त्याने मुलीला इंग्रजी शाळेत घातले, ते तिने परीक्षेत पुढे यावे म्हणून. तिने तास खर्च करून फूटपाथवरच्या मुलाला शिकवावे, हे त्याला सहज रुचेल काय? आपल्या फीने दुसऱ्याची सोय का, ही शंका स्वार्थी असली तरी अनैसर्गिक नाही. या शंकेला वादाने उत्तर देता येत नाही. शिकविणाऱ्यालाच विषय अधिक चांगला समजतो, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. ते मुलीच्या वागण्याबोलण्यातून घरी पोहोचावे लागते. शाळा टिकली, भरत राहिली आणि माध्यमिक परीक्षेला मुली बसवीत राहिली, याचाच अर्थ असा की, पुरेशा घरांनी ही अट मान्य केली. कुटुंबांचा पाठिंबा म्हणतात तो हा. जत्रेच्या दिवशी घरून पदार्थ करून आणणे, सोडतीची तिकिटे खपविणे, पालकसभेस हजर राहणे हेही त्यात येते. परंतु आपल्या मुलीच्या शेजारी कोण बसावे, हे ठरविण्याचा हट्ट सोडणे, हा त्यातला अवघड भाग.

महाराष्ट्राला ही गोष्ट सर्वस्वी नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहांसाठी खेड्यापाड्यांतील घराघरांतून मूठमूठ धान्य बाजूला काढले जाई, आणि तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवत. तेथेही धान्यापेक्षा पंक्तीला अधिक मोल होते. दोन्हीकडील प्रेरणा वेगळ्या, धर्म वेगळे. पण घराने काय द्यावयाचे, याचे उत्तर जवळपास सारखेच निघाले.

कायद्याने शियालदहच्या शाळेवर ही सक्ती केली नव्हती, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्य समाजांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत पहिल्या वर्गाच्या चतुर्थांश जागा दुर्बल घटकांसाठी ठेवण्यास सांगितले. परंतु अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला; २०२५ मध्ये त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा, म्हणून प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्याचे ठरले. न्यायालयात वाद चतुर्थांशाचा चालला आहे. शियालदहने निम्म्याचा मार्ग कायद्याच्या किती तरी वर्षे आधी, आपण होऊन धरला होता. स्वायत्ततेचा उपयोग दार लावण्यासाठीही करता येतो आणि उघडण्यासाठीही. घटनेने हक्क दिला, निवड संस्थेवर सोपविली.

सिस्टर सिरिल यांना १९९४ मध्ये युनेस्कोचा साक्षरतेसाठीचा नोमा पुरस्कार आणि २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. २०११ साली त्या निवृत्त झाल्या आणि जून २०२३ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या इंद्रधनुष्य योजनेच्या धर्तीवर कलकत्त्याच्या इतर लोरेटो शाळांत आणि दिल्ली, हैदराबाद यांसारख्या शहरांतही रस्त्यावरच्या मुलांसाठी घरे निघाली. घर काढणे मात्र तुलनेने सोपे. रस्त्यावरच्या मुलाला आणि फी भरणाऱ्या मुलाला एका आवारात, एकमेकांच्या उपयोगी पडत वाढविणे कठीण. आणि ते काम मुख्याध्यापकाच्या एका हुकमाने होत नाही. दर वर्षी जूनमध्ये असो वा जानेवारीत, मुलाचा हात धरून शाळेच्या फाटकाशी येणाऱ्या प्रत्येक आईबापाला त्याचा निर्णय पुन्हा करावा लागतो.