टीव्हीच बंद व्हायचा तेव्हा

गेल्या महिन्यात लेकीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. वय वर्षं नऊ, नंबर उणे तीन. डॉक्टरांनी विचारलं, मोबाईल किती वेळ बघते? मी म्हणालो, तासभर. पोरगी तिथेच म्हणाली, "बाबा, खरं सांग ना."

घरी आल्यावर नेहमीचाच तमाशा. बायको म्हणाली, तू जेवताना फोन खाली ठेवत नाहीस, ती काय शिकणार? मी ते आईवर ढकललं, म्हटलं तुझ्या मालिका साडेदहापर्यंत चालू असतात. आई शांतपणे म्हणाली, "आपल्याकडे टीव्ही होताच की. तुला कुठे चष्मा लागला?"

या प्रश्नाचं उत्तर मला देता येईना, म्हणून थोडं मागे जाऊन बघितलं.

आमच्या घरी टीव्ही आला १९८७ साली, रामायणासाठी. त्या वर्षी २५ जानेवारीला ती मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी अख्खी गल्ली आमच्या सोप्यात, दारात चपलांचा ढीग. पण भाग संपला की संपला. पुढचा बघायचा तर आठ दिवस थांबा. आम्ही पोरं उन्हात खेळायला पळायचो, ते काही गुणी होतो म्हणून नाही; बघायला दुसरं काही नव्हतंच. रात्री कार्यक्रम आटोपले की पडद्यावर मुंग्या. "आता बंद करा" हे आईला सांगावं लागायचं नाही, दूरदर्शनच सांगायचं.

आपल्याकडे हे गरिबीमुळे होतं, यात धोरण वगैरे काही नव्हतं. काही देशांनी मात्र हे ठरवून केलं होतं. ब्रिटनमध्ये १९५७ पर्यंत संध्याकाळी सहा ते सात टीव्हीवर काहीच दाखवत नसत. पडदा कोरा. का, तर त्या तासात लहान मुलांना झोपवता यावं. १९५५ मध्ये तिथे जाहिरातींवर चालणारी खाजगी वाहिनी आली आणि हा रिकामा तास तिला खुपायला लागला. एक तास कार्यक्रम नाहीत म्हणजे एक तास जाहिराती नाहीत! शेवटी हे खातं सांभाळणारे मंत्री चार्ल्स हिल यांनी तो नियम काढून टाकला. मुलांना कधी झोपवायचं हे आईबापांनी बघावं, सरकारने नव्हे, असं त्यांचं म्हणणं. (हे गृहस्थ स्वतः डॉक्टर, युद्धकाळात रेडिओवरून लोकांना आरोग्याचे सल्ले देणारे.) १६ फेब्रुवारी १९५७ ला तो तास भरला गेला. बीबीसीने तिथे तरुणांसाठी गाण्याबजावण्याचा कार्यक्रम लावला.

आइसलँडची तर कमालच. तिथे १९६६ मध्ये सरकारी टीव्ही सुरू झाला आणि दर गुरुवारी तो बंद असायचा. जुलैचा अख्खा महिनासुद्धा बंद! जुलैची सुट्टी १९८३ पर्यंत चालली, गुरुवारची १९८७ पर्यंत. म्हणजे आम्ही रामायणाला सोप्यात दाटीवाटीने बसत होतो, त्याच वर्षी तिकडे शेवटचा रिकामा वार गेला.

हिल साहेबांचं वाक्य वरवर बरोबरच वाटतं. पण त्यात झालं काय, तर बंद करण्याचं काम प्रक्षेपण करणाऱ्याच्या गळ्यातून निघालं आणि घराच्या गळ्यात पडलं. घराच्या म्हणजे बहुतेक वेळा आईच्या.

आपल्याकडे पुढचं सगळं भराभर झालं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि बरोबर वीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही आला. केबलवर मुंग्या दिसेनाशा झाल्या. २००६ मध्ये अझा रास्किन या अमेरिकी तरुणाने बोट सरकवत राहिलं तरी पान संपतच नाही, अशी सोय काढली. पुढे त्याला स्वतःलाच तिचा पश्चात्ताप झाला. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा चहापेक्षा स्वस्त झाला. आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळाच मोबाईलवर आली. कपाटात लपवलेला फोन आईनेच काढून पोराच्या हातात दिला.

म्हणून मला सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव महत्त्वाचं वाटतं. कोरोनानंतर पोरं फोन सोडेनात, ही तिथल्या बायकांची तक्रार होती. १५ ऑगस्ट २०२२ पासून गावात रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजायला लागला. साडेआठपर्यंत टीव्ही बंद, मोबाईल बंद. अभ्यास करा, वाचा, बोला. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरले. या भोंग्याचं मोठेपण हे, की "आईने बंद केला" हे भांडणच मिटलं. सगळ्यांचाच बंद असतो.

आता डॉक्टरांचं सांगतो. मला वाटलं होतं, मोबाईल काढून घ्या म्हणतील. त्यांनी आधी विचारलं, ही उन्हात किती असते? जवळचं सतत बघणं वाईटच, पण मोकळ्यावरचा उजेड न मिळणंही तितकंच वाईट. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायला सुरुवात केली, आणि कित्येक वर्षं वाढतच चाललेलं कमजोर नजरेचं प्रमाण उतरायला लागलं. आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. मला वाचवलं ते रविवारच्या उन्हाने.

मग आमच्या सोसायटीत भोंगा कोण वाजवणार? तीन मजले, बारा घरं, खाली पार्किंग. त्यात लेकीच्या शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो, तोही रात्री आठनंतर. फोन बंद ठेवायचा तरी कसा? आम्ही सात पालकांनी सह्या करून पत्र दिलंय, गृहपाठ पाचच्या आत पाठवा किंवा वहीत लिहून द्या. अजून उत्तर नाही.

आईचं काय, हा खरा अवघड प्रश्न. बाबा गेल्यापासून संध्याकाळी तिला सोबत त्या मालिकांचीच. तो आवाज बंद कर म्हणायला माझी जीभ रेटेना. शेवटी तिनेच मार्ग काढला. साडेसात ते साडेआठ सगळ्यांचे फोन पिठाच्या डब्यावर, माझाही. टीव्हीही बंद. तिची साडेसातची मालिका ती दुसऱ्या दिवशी दुपारी बघते. फक्त एक अट घातलीय: मालिकेत लग्न असेल त्या आठवड्यात सूट.