तळटीप : ड्रायव्हरमधील लॉकची जागा

लॉक कुठे ठेवायचे हे कोडच्या ओळींवरून नव्हे, तर राखायची माहिती कोणाच्या ताब्यात आहे यावरून ठरते. उपकरणाचे रजिस्टर आणि त्याची रांग त्या एका उपकरणाची असते. म्हणून लॉकही त्याच्याच स्ट्रक्चरमध्ये असावे, साऱ्या ड्रायव्हरसाठी एकच नसावे. रेल्वेमार्गावरही असेच असते : कोकण रेल्वेचा रोहा ते वीर (ता. महाड) मार्ग २०२१ मध्ये दुहेरी झाला. वीरपुढच्या एकेरी मार्गावर दोन स्थानकांमधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडतात. तेवढ्यासाठी रत्नागिरीपर्यंतची वाहतूक रोखत नाहीत. लिनक्समध्ये मात्र १९९६ च्या २.० आवृत्तीपासून सगळ्या कर्नलला एकच मोठे लॉक होते. ते टप्प्याटप्प्याने फोडत पूर्णपणे काढायला २०११ उजाडले.

इंटरप्ट हँडलरला झोपता येत नाही, म्हणून त्याच्याशी वाटून घेतलेल्या माहितीला स्पिनलॉक लागते. ते घेताना बाकीच्या कोडने त्या प्रोसेसरवरचे इंटरप्ट बंद करणे अत्यावश्यक आहे. नाहीतर हँडलर मध्येच येऊन त्याच लॉकसाठी कायमचा फिरत राहतो. संथ उपकरणाच्या उत्तराची वाट पाहायची असेल, तर म्यूटेक्स योग्य.

वरच्या थराने आधीच लॉक घेतले आहे का, हेही पाहावे. लिनक्सचा सीरियल थर पोर्टचे लॉक घेऊनच ड्रायव्हरचे प्रेषण सुरू करणारे फंक्शन बोलावतो; ड्रायव्हरने तिथे तेच लॉक पुन्हा मागितले, तर यंत्रणा तिथेच अडकते.