इंग्रजी शब्दांतील आघात आणि मराठी कान

‘तिकीट’ व ‘पोलीस’ हे दोन शब्द इंग्रजीतून मराठीत आले आणि एकाच साच्यात बसले. इंग्रजीत पहिल्याचा आघात आद्य अक्षरावर, दुसऱ्याचा अन्त्य अक्षरावर. मराठीने हा भेद राखला नाही. दोहोंतील शेवटचा इकार दीर्घ झाला आणि ‘तिकिटाला’, ‘पोलिसाला’ अशी रूपे होताच ऱ्हस्व झाला. ‘वकील’ या शब्दाचेही असेच होते. १९६२ च्या लेखननियमांनी या प्रवृत्तीस नियमाचे रूप दिले इतकेच. (अक्षर म्हणजे येथे लिपीतील चिन्ह नव्हे, एका स्वराभोवतीचा उच्चारघटक समजावा.)

आपल्या परंपरेत आघाताचा विचार नव्हता असे नाही. छंदःशास्त्रानुसार ‘पुस्तक’ यातील ‘पु’ पुढील जोडाक्षराच्या आघाताने गुरू होतो, ‘तुझ्या’ यातील ‘तु’ मात्र लघूच राहतो. पण हा आघात मात्रागणनेपुरता. त्याने शब्दाचा अर्थ पालटत नाही. इंग्रजीत ‘रेकॉर्ड’ नाम असता आघात पहिल्या अक्षरावर, क्रियापद असता दुसऱ्यावर.

खुद्द इंग्रजांनाही हे प्रकरण सोपे नव्हते. जॉन्सनने १७५५ च्या कोशात आघातचिन्हे दिली. वॉकरने १७९१ मध्ये उच्चारानुसार शब्दांची अक्षरेही पाडून दाखविली. कारण ऐतिहासिक आहे. मूळच्या जर्मानिक शब्दांत आघात बहुधा धातूवर स्थिर असे. फ्रेंच व लॅटिनमधून आलेल्या प्रत्ययांनी तो हलविला. ‘फोटोग्राफ’ यात तो पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफी’ यात दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’ यात तिसऱ्यावर. शिवाय आघात सुटला की स्वर क्षीण होतो. मराठी भाषक मात्र तिन्ही शब्दांत ‘फो’ आणि ‘टो’ सारख्याच पूर्णत्वाने उच्चारतो.

अशोक केळकरांनी १९५७ मध्ये ‘वर्ड’ या नियतकालिकात मराठी भाषकांच्या इंग्रजीवर स्वतंत्र निबंध लिहिला, तेव्हा या उच्चारांकडे निव्वळ चुकांची रास म्हणून पाहण्याचे कारण उरले नाही. पुढे १९६९ च्या बन्सल यांच्या अभ्यासात भारतीय इंग्रजी परक्यास दुर्बोध होण्याच्या प्रमुख कारणांत अस्थानी आघात आढळला. म्हणजे प्रश्न केवळ ऐटीचा नव्हे, समजण्याचा आहे. तरीही आपल्या तोंडी परीक्षांत एकेका व्यंजनावर गुण कापले जातात आणि आघाताकडे दुर्लक्ष होते, हे मला उफराटे वाटते.

कर्जत तालुक्यातील मिरजगावचा विद्यार्थी ‘युनिव्हर्सिटी’ची पाचही अक्षरे समभाराने म्हणत असेल, तर त्यास प्रथम शेवटचा ‘इटी’ हा प्रत्यय ओळखावयास शिकवावे. त्याच्या लगतच्या मागील अक्षरावर, ‘व्हर्’वर, आघात येतो. ‘एक्झॅमिनेशन’मध्येही ‘शन’च्या आधीचा ‘ने’ असाच सापडतो. शब्द डावीकडून फोडीत जाण्याची शालेय रीत येथे निरुपयोगी ठरते. मोजणी उजवीकडून करावी लागते.