दारात मोटार, कायद्यात ट्रक: शेव्हरोले सबर्बनची नव्वद वर्षं

मागच्या महिन्यात शाळा सुटायच्या वेळी आमच्या आळीत एक प्रकार घडला. दुसरीतल्या एका मुलीच्या हातातून पाण्याची बाटली घरंगळली आणि ती उचलायला ती एका उभ्या गाडीसमोर वाकली. तेवढ्यात गाडी सुरू झाली. पानटपरीवाला जिवाच्या आकांताने ओरडला, गाडी थांबली, पोर वाचली. गाडी चालवणारा आमच्याच आळीतला मुलगा, सरळमार्गी. खाली उतरला तेव्हा त्याचे हातपाय थरथरत होते. "काका, शप्पथ सांगतो, दिसलीच नाही ओ!" लोकांनी त्याला चार शिव्या घातल्या. मी नंतर मुद्दाम त्या गाडीसमोर जाऊन उभा राहिलो. बॉनेट माझ्या छातीला लागत होतं. ती मुलगी वाकली नसती, नुसती उभी असती, तरी त्याला दिसली नसती.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न घोळतोय. हे बॉनेट एवढं वर गेलं कधी, आणि नेलं कोणी?

उत्तर शोधत शोधत मी एका अमेरिकन गाडीपाशी पोचलो. ती आपल्याकडे कंपनीने कधी विकली नाही, पण हॉलिवूडच्या सिनेमात तुम्ही शंभर वेळा पाहिली असेल. राष्ट्राध्यक्षांच्या ताफ्यात पुढे-मागे पळणाऱ्या त्या काळ्याभोर, लांबलचक गाड्या असतात ना, तीच. शेव्हरोले सबर्बन. माझ्या टेक्सासच्या मावसभावाकडे एक आहे. आई तिकडे गेली होती तेव्हा चढताना म्हणाली होती, "अरे, ही गाडी आहे का माळा? पाट आण आधी." टेक्सासात या गाडीला गंमतीने 'टेक्सासची राष्ट्रीय मोटार' म्हणतात. जगात सलग सगळ्यात जास्त वर्षं वापरात असलेलं मोटारीचं नाव म्हणूनही हिचंच नाव घेतात. १९३५ ते आज.

तर १९३५. महामंदीचा काळ. रूझवेल्टने बेकार तरुणांना झाडं लावायला, बांध घालायला, जंगलातले रस्ते करायला लावलं होतं. आपल्या रोजगार हमीची थोरली बहीणच म्हणा. या पोरांच्या टोळ्या आणि त्यांची अवजारं कामावर न्यायला एक गाडी हवी होती. त्यावेळच्या स्टेशन वॅगनची बॉडी लाकडी असायची, तिला दरवर्षी व्हार्निश मारावं लागायचं आणि खडबडीत रस्त्यावर सांधे खिळखिळे व्हायचे. शेव्हरोलेने अर्ध्या टनाच्या ट्रकची चेसिस घेतली आणि तिच्यावर पूर्ण पोलादी बॉडी चढवली. तीन रांगांत आठ माणसं, सीट काढल्या की मागे सामान. इंजिन सहा सिलिंडरचं, ६० हॉर्सपॉवरचं. किंमत ६७५ डॉलर. नाव 'सबर्बन कॅरीऑल'. सगळं वाहून नेणारी. दारं मात्र दोनच. मागच्यांनी पुढची सीट वाकवून आत शिरायचं.

आमच्या सातारा-कराडकडच्या वाचकांना ही गाडी ओळखीची वाटेल. अहो, हे तर वडाप!

'सबर्बन' हे नावही पहिल्यांदा त्यांच्या एकट्याचं नव्हतं. उपनगरात राहणाऱ्यांची वॅगन अशा अर्थाने इतर कंपन्याही ते वापरायच्या. मुंबईकराला सबर्बन म्हटलं की लोकल आठवते, तसंच. आणि मुंबईचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, शेव्हरोलेची मालक जनरल मोटर्स तेव्हा मुंबईत होती. १९२८ मध्ये तिने शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता, भारतातला पहिला. तो १९५४ मध्ये बंद झाला.

पुढची चाळीस वर्षं ही गाडी कामकरीच राहिली. दुसऱ्या महायुद्धात लष्करात गेली. १९५७ पासून कारखान्यातूनच फोर-व्हील ड्राइव्ह मिळू लागला. १९६७ ला एक विचित्र प्रकार केला, ड्रायव्हरच्या बाजूला एक दार आणि पलीकडे दोन, एकूण तीन. चार दारं आली ती थेट १९७३ च्या मॉडेलला. दाराला मी एवढं महत्त्व का देतोय? कारण दोन दारांची गाडी गड्यांसाठी असते, चार दारांची कुटुंबासाठी. ट्रकमध्ये आता बायका-मुलं बसायला लागली.

आणि नेमकं त्याच वर्षी, ऑक्टोबर १९७३ मध्ये, अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं. पंपांवर रांगा लागल्या. मग १९७५ मध्ये अमेरिकन संसदेने कायदा केला की प्रत्येक कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांचं मिळून सरासरी मायलेज ठराविक आकड्याच्या वर पाहिजे, नाहीतर दंड. आपल्या भाषेत सांगायचं तर सरकारने विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" चांगला कायदा. पण त्यात एक खिडकी उघडी राहिली. मोटारीला एक आकडा आणि 'हलक्या ट्रक'ला दुसरा, खालचा. कारण ऐकायला रास्त होतं. शेतकरी, सुतार, प्लंबर यांच्या कामाच्या गाडीवर बोजा कशाला? १९९० च्या दशकात मोटारींसाठी लिटरला साधारण पावणेबारा किलोमीटरची अट होती आणि हलक्या ट्रकसाठी पावणेनऊच्या आसपासची. मालासकट वजन ३,८५५ किलोच्या वर गेलं, तर अटच नाही.

सबर्बन कागदोपत्री कोण? ट्रक. जन्मच ट्रकच्या चेसिसवर. चेसिस म्हणजे काय ते हायवेला पाहिलंय तुम्ही. नुसता सांगाडा, पुढे इंजिन, आणि ड्रायव्हर तोंडाला फडकं बांधून तो बॉडी बांधायला घेऊन निघालेला. सबर्बनच्या खाली आजही असाच वेगळा सांगाडा आहे, पिकअपच्या घरातला. वर कातडी सीटा, थंडगार एसी, मुलांना सिनेमा बघायला पडदे. खाली ट्रक.

झालं असं, की अमेरिकन कुटुंबांची जुनी लांबलचक स्टेशन वॅगन कायद्याने मोटार होती, ती मायलेजच्या अटीत अडकली आणि हळूहळू संपली. तीच माणसं, तेवढीच पोरं आणि तेवढंच सामान घेऊन सबर्बनमध्ये जाऊन बसली. पेट्रोल वाचवायच्या कायद्याने लोकांना जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाडीत नेऊन बसवलं.

ही एकच खिडकी असती तर एक वेळ चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण पेट्रोल ढोसणाऱ्या गाड्यांवर १९७८ मध्ये वेगळा कर बसला, तो फक्त मोटारींवर. १९९१ पासून ३०,००० डॉलरच्या वरच्या रकमेवर दहा टक्के चैनीचा कर आला, त्यातून २,७२० किलोच्या वरचे ट्रक वगळले. पुढे २००३ मध्ये धंद्यासाठी घेतलेल्या तेवढ्याच वजनाच्या गाडीची एक लाख डॉलरपर्यंतची किंमत पहिल्याच वर्षी उत्पन्नातून वजा करायची सोय झाली. सवलत होती शेतकऱ्या-कंत्राटदारांसाठी, मिळत होती डॉक्टर-वकिलांनाही. बोंबाबोंब झाली तेव्हा पुढच्या वर्षी एसयूव्हीपुरती ती २५,००० वर आणली. आणि बाहेरच्या कंपन्यांनी हलके ट्रक आणून स्पर्धा करावी म्हटलं तर त्यावर २५ टक्के आयात कर, तोही १९६४ पासून. का, तर युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला म्हणून! कोंबडीचं भांडण केव्हाच संपलं. ट्रकवरचा कर राहिला.

मग काय, कंपन्यांना सोन्याची खाणच सापडली. सांगाडा तोच, वर निरनिराळी बॉडी. सबर्बन आखूड करून टाहो काढली, तिलाच दागिने घालून कॅडिलॅक एस्कलेड काढली. फोर्डने एक्सपिडिशन आणली. मग सबर्बनच्याही वरताण म्हणून २००० च्या मॉडेलला एक्सकर्शन आणली, ती इतकी जड की मायलेजच्या कायद्यातून थेट बाहेर. पर्यावरणवाल्यांनी तिला तेल सांडून समुद्र नासवणाऱ्या एक्सॉन व्हाल्डेझ जहाजाचं नाव ठेवलं.

यात लोकांचा काही दोष नाही का? आहे. माझ्या मावसभावाला विचारलं तर तो म्हणतो, "अरे, तीन मुलं, त्यांचे मित्र, कुत्रा, शिवाय बोट ओढायची असते." खरं आहे. गाडी कामाची आहे हे मीही मान्य करतो. २०२१ च्या मॉडेलला मागच्या चाकांना पहिल्यांदाच स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, त्यामुळे तळ खाली आला आणि तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसालाही पाय सोडून बसता येतं. साडेतीन टनांच्या वर वजन ओढते. सगळ्या मागच्या सीट पाडल्या तर चार हजार लिटर जागा, म्हणजे एका खोलीचं बिऱ्हाड. लांबी ५.७३ मीटर, रुंदी आरशांशिवाय दोन मीटरच्या वर. साधं इंजिन ५.३ लिटरचं, आठ सिलिंडर, ३५५ हॉर्सपॉवर. आणि ॲव्हरेज? लिटरला सात. पण आठवड्यातले सहा दिवस त्याच गाडीत तो एकटाच ऑफिसला जातो, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय.

या सगळ्याची किंमत कोणी मोजली? आधी कामगारांनी मोजली. विस्कॉन्सिन राज्यात जेन्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या कारखान्यात १९२३ पासून शेव्हरोले बनत होत्या, शेवटी शेवटी सबर्बन आणि टाहो. २००८ च्या फेब्रुवारीत ओबामा तिथे प्रचाराचं भाषण करून गेले. उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं, मोठ्या गाड्या शोरूममध्येच उभ्या राहिल्या, आणि २३ डिसेंबरला, ऐन नाताळच्या तोंडावर, कारखाना बंद झाला. १ जून २००९ ला जनरल मोटर्सने दिवाळं जाहीर केलं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. त्याच २००८ मध्ये त्याच कंपनीचा कारखाना पुण्याजवळ तळेगावला सुरू झाला. २०१७ च्या अखेरीस तिने भारतात गाड्या विकणं थांबवलं, निर्यातीसाठी काही वर्षं उत्पादन ठेवलं आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये तेही बंद केलं. हजाराहून जास्त कामगार बाहेर. एका चिनी कंपनीशी ठरलेला सौदा फिसकटला, शेवटी ह्युंदाईने कारखाना घेतला. दिवाळखोरीतून सावरलेली कंपनी छोट्या गाड्यांचे देश एकेक करून सोडत गेली आणि नफ्याच्या ट्रकपाशी थांबली. सबर्बन टेक्सासच्या आर्लिंग्टनमध्ये जोरात चालू आहे.

दुसरी किंमत रस्त्यावर चालणाऱ्यांनी मोजली. अमेरिकेत २००९ मध्ये गाडीखाली सापडून साधारण ४,१०० पादचारी मेले होते. २०२२ मध्ये तो आकडा साडेसात हजारांच्या वर गेला. कारणं अनेक आहेत. मोबाईल आहे, वेग आहे, अंधारातले रुंद रस्ते आहेत. पण तिथल्या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये अपघातांचा अभ्यास करून सांगितलं की ज्या गाडीच्या बॉनेटची कड जमिनीपासून एक मीटरच्या वर आहे, तिची धडक बसलेला पादचारी मरण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा साधारण ४५ टक्के जास्त. बुटकी गाडी पायाला लागते, माणूस बॉनेटवर पडतो. उंच गाडी छातीत किंवा डोक्यात लागते, माणूस खाली जातो. पादचाऱ्याच्या डोक्याचा विचार करणारा नियम असावा, असा सरकारी प्रस्ताव तिथे यायला २०२४ उजाडलं. आणि २०२५ च्या जुलैत त्यांनी मायलेजच्या कायद्यातला दंडच शून्य करून टाकला. कायदा आहे, दंड नाही.

आता आपल्याकडे या. २००६ च्या बजेटमध्ये छोट्या गाड्यांवरचा अबकारी कर २४ वरून १६ टक्क्यांवर आला. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, शिवाय इंजिनाची मर्यादा. लगेच गाड्यांच्या शेपट्या कापल्या गेल्या. पुण्याच्या टाटांनी २००८ मध्ये इंडिगो कापून इंडिगो सीएस काढली. मग स्विफ्ट डिझायर कापली गेली. ज्यांना त्या डिक्क्या मागून ठोकून बसवल्यासारख्या का दिसतात असा प्रश्न पडायचा, त्यांना उत्तर मिळालं असेल. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी बदलला, छोट्या गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के. सीमारेषा तीच, चार मीटर. या व्याख्येत लांबी आहे, इंजिन आहे. बॉनेटची उंची नाही. त्यामुळे गाडी चार मीटरच्या आत राहूनही वर वर चढत गेली, आणि करात मात्र ती 'छोटी'च.

आमच्या आळीतली ती गाडी मी नंतर टेपने मोजली. बंपरपासून बंपरपर्यंत चार मीटरला थोडी कमी. सरकारदरबारी छोटी गाडी.

पालिकेला शाळेच्या दारासमोर पन्नास फूट गाडी उभी करायला बंदी करा, असं निवेदन दिलंय, पोच माझ्याकडे आहे. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मी टेप आणि वही घेऊन शाळेपाशी असेन. आळीत उभ्या असलेल्या गाड्यांची बॉनेटं मोजून यादी करायची आहे आणि ती निवेदनाला जोडायची आहे. गाडीमालकांची नावं लिहिणार नाही. तो मुलगा येतो म्हणालाय. तुम्हीही या, एक टेप तुमच्याकडचीही आणा.