भिंतीची साक्ष

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकली आहे. परंतु या म्हणीला घर बांधणारा माणूस तेवढा ठाऊक आहे. दुसऱ्याने, दुसऱ्या काळात बांधलेले घर विकत घेणारा माणूस तिच्या हिशेबात नाही. बांधणाऱ्याने पाया खणताना पाहिलेला असतो. भिंतीच्या पोटात काय भरले, तुळईला कोणते लाकूड वापरले, हे त्याच्या डोळ्यांसमोर झालेले असते. विकत घेणाऱ्याच्या नजरेला पडतो तो वरचा गिलावा, आणि तोही बहुधा विक्रीसाठी नुकताच रंगवलेला.

हा प्रश्न धनिकांचा आहे असे कोणी समजू नये. कामगार चळवळीत वावरताना आम्हांला जी माणसे भेटतात, त्यांच्यातली कितीतरी निवृत्तीनंतर गावाकडे वळतात. तीस-पस्तीस वर्षे पाळ्या केल्यावर हाती येते ती ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी. त्या पैशातून गावात एखादे जुने घर, वाड्याचा अर्धा हिस्सा, नाहीतर भावकीतल्या कोणाचे दोन खण विकत घेतले जातात. ही रक्कम आयुष्यात एकदाच येते. ती भिंतीत गेली आणि भिंतच बसली, तर दुसऱ्यांदा उभे राहण्याची सोय नसते. म्हणून या विषयाचा इतिहास आपण थोडा तपासला पाहिजे.

घर घेताना आपण काहीच तपासत नाही असे नाही. आपण कागद तपासतो. वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा शोध घेतो, फेरफार पाहतो, ग्रामपंचायतीचा नमुना आठ पाहतो, घरपट्टीची बाकी विचारतो. २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाली, आणि गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत-पत्रिका मिळू लागल्या. आता आपण तीही मागतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु हे सारे घराच्या मालकीविषयी झाले. घराच्या प्रकृतीविषयी त्यात एक अक्षरही नसते. कागद शंभर नंबरी आणि घर मात्र पोखरलेले, असे होऊ शकते. कागदाची साक्ष आपण काढतो, भिंतीची काढत नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? इंग्रजी व्यवहारात जुने तत्त्व असे होते की, माल पाहून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. मागाहून रडू नये. आपल्याकडे १८८२ साली मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा झाला, त्याने हे तत्त्व थोडे मऊ केले. त्याच्या पंचावन्नाव्या कलमाप्रमाणे, उलट करार नसेल तर, मिळकतीतला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. पण कोणता दोष? जो विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याला जो सापडला नसता, असा. या तीन अटी नीट वाचाव्यात. साधारण काळजीने सापडला असता असा दोष तुम्ही पाहिला नाही, तर दोष तुमचा. आणि विकणाऱ्यालाच जो माहीत नाही, तो त्याने सांगावा तरी कसा? कायदा लबाडीपासून काही रक्षण देतो. अज्ञानापासून देत नाही.

हे अज्ञान केवढे भयंकर असू शकते, हे महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिले. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले होते. चारच्या सुमारास किल्लारी आणि आसपासच्या लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. सुमारे आठ हजार किंवा त्याहूनही अधिक माणसे दगावली. धक्का मध्यम प्रतीचा होता. अशा धक्क्यात एवढी माणसे मरावीत हे जगातल्या तज्ज्ञांनाही विलक्षण वाटले. तपास झाला आणि बोट घराच्या भिंतींकडे वळले.

या भागातली जुनी घरे बाहेरून मोठी भरभक्कम. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती. पाहणाऱ्याला वाटावे, गढीच आहे. परंतु ती जाड भिंत वस्तुतः एक भिंत नव्हतीच. बाहेरच्या अंगाला एक दगडी थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मधल्या पोकळीत चिपा-गोटे आणि माती. दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलेच नव्हते. जोडकाम चुन्याचे नव्हे, मातीचे. वर माळवद: लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर. माळवद गळू लागले की वर आणखी माती पसरायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. हिशेब साधा आहे. एक फूट जाडीचा मातीचा थर शंभर चौरस फुटांच्या खोलीवर घातला, तर डोक्यावर चार टनांहून अधिक वजन होते. कित्येक घरांवर हा थर फुटाहून जाड होता. जमीन हादरली, भिंतीचे दोन थर दोन बाजूंना सुटले, आणि वरची माती खाली आली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या घरांचे मालक कोणाला फसवीत नव्हते. ते स्वतः त्याच माळवदाखाली लेकराबाळांसह झोपले होते. उद्या यांपैकी कोणी घर विकले असते, तर ‘घर मजबूत आहे, आजोबांच्या वेळचे आहे’ असे तो अगदी मनापासून म्हणाला असता. खोटे बोलणारा माणूस ओळखता येतो. खरे मानून चुकीचे सांगणारा माणूस ओळखता येत नाही. सरकारी नकाशाचीही तीच गत होती. त्या वेळी हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात, पहिल्या विभागात, दाखवलेला होता. २००२ साली तो पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात गेला.

यावरून जुने दगडी घर म्हणजे मृत्यूचा सापळा, असा अर्थ काहींनी काढला. तो आम्हांला मान्य नाही. त्याच गावांतून असेही दिसले की, ज्या घरांत माळवदाचा भार भिंतीवर न टाकता लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर घेतला होता, तेथे कित्येकदा भिंती पडल्या पण छत खांबांवर उभे राहिले. म्हणजे जुन्या सुताराची विद्या खोटी नव्हती. पुढे पुनर्वसनाच्या कामात हजारो घरे न पाडता मजबूत करण्यात आली. माळवदावरची जादा माती उतरवणे, भिंतीला भोके पाडून सळई घातलेल्या काँक्रीटने दोन्ही थर एकमेकांना जोडणे, खांब-तुळईच्या कोनात तिरके आधार देणे, भिंतींना चहूबाजूंनी पट्टा बांधणे, असे ते उपाय होते. त्याच १९९३ साली भारतीय मानक संस्थेने अशा दगडी बांधकामासाठी जे मानक काढले, त्यात आरपार दगड उभ्यात दर ६० सेंटिमीटरला आणि आडव्यात दर १२० सेंटिमीटरला असावा, असे सांगितले आहे. दोष दगडात नव्हता, दगड एकमेकांना धरून नव्हते यात होता. संघटनेच्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मग ही पाहणी करायची कोणी? येथे दुसरा इतिहास उपयोगी पडतो, आणि तो इंग्लंडातला आहे. कारण आपला खरेदीविक्रीचा कायदा आणि गृहकर्जाची पद्धत या दोन्हींवर त्या देशाची छाप आहे. तेथे १८३३ च्या कायद्याने कारखान्यांवर चार सरकारी निरीक्षक नेमले गेले. मालकाच्या माणसाने केलेली पाहणी ही कामगाराची पाहणी नव्हे, हे तत्त्व त्यातून रुजले. घराच्या बाबतीत मात्र हे तत्त्व फार उशिरा उगवले. बांधकाम पाहणाऱ्या व्यावसायिकांची संस्था १८६८ साली लंडनला स्थापन झाली. त्याच्याही आधीपासून, १७७५ च्या सुमारास, बर्मिंगहॅमच्या एका खाणावळीत मंडळी वर्गणी जमवून घरे बांधू लागली होती. त्यातूनच पुढे घरासाठी कर्ज देणाऱ्या मोठमोठ्या सोसायट्या वाढल्या. कर्ज देण्यापूर्वी सोसायटी घर पाहायला आपला माणूस पाठवी. घेणाऱ्याला वाटे, घर तपासले गेले. पण त्या माणसाला विचारलेला प्रश्न एवढाच असे की, कर्ज बुडाले तर या घरातून आमचे पैसे निघतील काय?

नॉर्विच गावचा एक खटला या बाबतीत प्रसिद्ध आहे. १९८० साली एका बाईंनी १८,००० पौंडांना एक साधे घर घेतले. कर्ज देणाऱ्या सोसायटीने पाहणी करवली. तिची सुमारे ३७ पौंड फी बाईंनीच भरली. अहवालात लिहिले होते की, मोठ्या दुरुस्तीची गरज नाही. त्याचबरोबर, या अहवालाची जबाबदारी आम्ही घेत नाही, असेही छापलेले होते. सुमारे दीड वर्षाने धुराड्याच्या विटा छत फोडून झोपण्याच्या खोलीत पडल्या. पूर्वी कोणीतरी खालच्या मजल्यांवरून धुराड्याचा आधार काढून टाकला होता आणि वरचा भाग तसाच अधांतरी राहिला होता. पाहणाऱ्याने माळ्यावर डोके घालून आधार उरला आहे की नाही, एवढे पाहिले असते तरी कळले असते. १९८९ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने बाईंच्या बाजूने निकाल दिला. साध्या घराचा गरीब ग्राहक याच अहवालावर विसंबतो हे पाहणाऱ्याला ठाऊक असते, तेव्हा छापील ओळीआड त्याला लपता येणार नाही, असे त्यांनी ठरवले. नुकसानभरपाई मिळाली सुमारे ४,३८० पौंड. मात्र त्यासाठी आधी छत पडावे लागले आणि मग न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

आपल्याकडेही बँक आपल्या यादीतला मूल्यांकनकार पाठवते, आणि त्याची फी बहुधा कर्जदाराच्याच खिशातून जाते. तो घराची किंमत ठरवतो. तुळईला वाळवी आहे काय, हे पाहण्याचे काम त्याला कोणी सांगितलेले नसते. ‘बँकेने कर्ज दिले म्हणजे घर चांगलेच असणार’ हा समज म्हणूनच सोडून दिला पाहिजे. किंमत सांगणे वेगळे आणि प्रकृती सांगणे वेगळे. फी कोणी भरली यापेक्षाही अहवाल कोणाच्या नावे लिहिला आणि प्रश्न कोणाचे विचारले, याला महत्त्व आहे.

तेव्हा खरी पाहणी कशी असते, ते थोडक्यात सांगतो. भिंतीला ओळंबा लावून पाहावा. पोट सुटले असेल तर आतले आणि बाहेरचे थर सुटू लागले असे समजावे. कोपऱ्यांतल्या उभ्या भेगा पाहाव्यात, आणि त्या जुन्या की ताज्या हे ठरवावे. हातोडीने ठोकून पोकळ आवाज कोठे येतो ते ऐकावे. भिंतीत शिरलेली तुळईची टोके टोच्याने टोचून पाहावीत, कारण ओल आणि वाळवी तेथूनच सुरुवात करतात. माळवदावर मातीचा थर किती, हे एका कोपऱ्यात उकरून मोजावे. मातीच्या जोडकामावर अलीकडे सिमेंटचा गिलावा चढवला असेल तर सावध व्हावे. आतली ओल त्याने कोंडते आणि वरून भिंत निरोगी दिसते. काळ्या जमिनीवरचे घर असेल तर ते दोनदा पाहावे. ही जमीन उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते. वैशाखातली भेग आषाढात मिटलेली दिसते. कोकणातल्या कौलारू घरात वासे आणि रिपा एकेक करून तपासाव्यात. हे काम संरचना अभियंत्याचे. पण त्याच्याबरोबर त्या भागातला जुना गवंडी आणि सुतार असावा, कारण त्या मातीची आणि त्या लाकडाची भाषा त्यांना येते. आणि शेवटी जे झाले ते लेखी असावे, आपल्या नावे असावे, आणि काय पाहता आले नाही हेही त्यात असावे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला खर्चाचा. एकट्याला ही फी जड जाते हे खरे. परंतु ज्या माणसांनी पतपेढ्या चालवल्या, गृहनिर्माण संस्था उभ्या केल्या, त्यांना दहा घरांसाठी मिळून एक अभियंता ठरवणे अशक्य आहे काय? दुसरा आक्षेप संकोचाचा. गावात, विशेषतः भावकीत, घर तपासायला माणूस नेला तर विकणाऱ्याला अपमान वाटतो. त्याला आपण सांगावे की, तुमच्यावर अविश्वास नाही. भिंतीत काय आहे हे तुम्हांलाही ठाऊक नाही, आणि अहवाल तुम्हांलाही दाखवू. पाहणीत दोष निघाला म्हणजे व्यवहार मोडलाच असेही नाही. दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करता येतो आणि घरही वाचते.

इसार देण्यापूर्वी ही पाहणी करावी. द्यावाच लागला तर इसारपावतीत एक ओळ घालून घ्यावी, की पाहणी समाधानकारक न ठरल्यास इसार परत मिळेल. आयुष्यभराच्या घामाच्या बदल्यात छप्पर घेणाऱ्या माणसाला भिंतीच्या आत डोकावण्याचा हक्क आहे. तो मागायला त्याने लाजू नये, आणि त्याच्या संघटनेने त्या वेळी त्याला एकटे पाठवू नये.